टोपल्याखालची चूल

कोणी म्हणालं ना, "पूर्वी इथं काय होतं हो, नुसता माळ! चिटपाखरू नव्हतं," की माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. परवा एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या ताटावरचे गृहस्थ असंच म्हणाले. चाकणच्या पट्ट्यात तीस वर्षं नोकरी केलेली त्यांनी. मी म्हटलं, "तुम्ही आलात तेव्हा नव्हतं, कारण त्याआधी आम्ही उठून गेलो होतो." ते जिलबीचा तुकडा मोडायला लागले. सुनेनं मला कोपरानं ढोसलं. ढोसू दे. या विषयावर मी गप्प बसणार नाही, नको तेव्हा एकदा बसले आहे आणि त्याचंच तर हे सगळं आहे.

मी त्या माळावर मास्तरीण होते. एकशिक्षकी शाळा, चौथीपर्यंत. चाकणच्या बाजाराला कांद्याच्या गाड्या जायच्या तो रस्ता सोडायचा, पाऊण तास चालायचं, ओढा ओलांडायचा, की वाडीची हद्द सुरू. वाडी म्हणजे एका जागी बसलेलं गाव नव्हे. दोन घरं बोरीच्या टेपाडावर, तीन विहिरीपाशी, एक पार टेकडीच्या पायथ्याला, आणि ओढ्याच्या काठाला बौद्ध कुटुंबांची वस्ती. एका घरातून हाक मारली तर दुसऱ्या घरी पोचेस्तोवर अर्धी वारा खायचा. नवा माणूस म्हणायचा, ही माणसं अशी फुटून का राहतात? अरे बाबा, जमीन तशी आहे म्हणून! सगळा माळ मुरमाड, पावसाळ्यानंतर नुसती कुसळं. मधूनच कुठं तरी तुकडाभर खोल माती. ज्याची माती जिथं, त्याचं घर तिथं. राखणीला जवळ माणूस नको? माळ तुम्हाला रिकामा दिसतो. आम्हाला कुठल्या बाभळीखाली कोणाची शेळी बसते तेही ठाऊक होतं.

एकाहत्तरच्या सुमाराला तालुक्याच्या कचेरीतून हुकूम आला. वाड्यावस्त्यांची घरयादी करायची. जुनी माणसं तिला खानेसुमारी म्हणायची. आता हे काम कोण करणार? मास्तर! पटकीची लस टोचायची असली तरी मास्तर आणि साहेबासाठी कोंबडी बघायची असली तरी मास्तर. मी तेवीस वर्षांची. छापील फॉर्मांचा गठ्ठा, एक शिसपेन्सिल आणि एक सूचना मिळाली. जेवढ्या चुली तेवढी घरं. एका चुलीवर जेवणारे सगळे एका घरात धरायचे, मग छपरं कितीही असोत.

कचेरीत बसून लिहिलेली सूचना. वाचायला सरळ.

पण आमच्या त्या भागात चूल म्हणजे काय हे त्या लिहिणाऱ्याला कोणी सांगितलं नव्हतं. आई जिवंत आहे तोवर भावांची चूल वेगळी होत नाही. होते हो, सगळीकडे होते, घरोघरी मातीच्या चुली! पण बोलायचं नाही. "अमक्याची आई जिती आन् चूल दोन" हे बोलणं म्हणजे त्या घराच्या थोबाडीत. पोरीला स्थळ आलं तर पाहुणे आधी हेच काढायचे. तेव्हा आत चार चुली पेटोत, दारात आलेल्याला सांगायचं, "आमची एकच." 

ओढ्याकाठच्या बौद्ध वस्तीत मी पहिल्यांदा गेले. तिथले दोन पुरुष सायकल मारत पिंपरीच्या कंपनीत शिफ्टला जायचे. त्यातला एक रात्रपाळी करून आलेला, डोळे लाल, तरी माझ्यापुढे खाट टाकून बसला. म्हणाला, "बाई, चूल न् चूल लिवा. माणूस न् माणूस लिवा. आमी कागदावर ऱ्हायलो न्हाई तर पुन्ना कोण इचारायला येतंय?" प्रत्येक घरात मला आत नेऊन चूल दाखवली. एका म्हातारीनं तर तीन दगड मांडले होते, नुसते पाणी तापवायला, तेही लिहा म्हणाली. मी हसले. काय हसायचं होतं त्यात? शहाणी होती ती माणसं, आणि मी पदविकेची बाई अडाणी होते.

मग माळावरची घरं. "किती चुली?" "एकच की." पुढचं घर, "एकच." माझ्या डोळ्यांदेखत दोन ठिकाणाहून धूर निघतोय आणि घरधनी मिशीवर हात फिरवून सांगतोय, "एकच." मी लिहीत गेले. आपण कशाला कोणाच्या घरात नाक खुपसा?

टेकडीच्या पायथ्याचं घर शेवटचं. तिथं म्हातारी, थोरला मुलगा, त्याची बायको, पोरं, आणि धाकटी सून. धाकट्या मुलाला विहिरीच्या खोदकामात सुरुंगाचा दगड लागला होता, त्याला दोन वर्षं झाली होती. त्याच्या मागं धाकटी आणि दोन मुली. थोरली मुलगी माझ्याच शाळेत दुसरीत. नवरा गेल्यावर जावेशी पटेना म्हणा, किंवा जावेनं पटवून घेतलं नाही म्हणा, धाकटीला गोठ्यालगतचं खोपट दिलं होतं. तिचं पीठ वेगळं, तिचं मीठ वेगळं. मुलगी डब्यात काय आणते ते मला रोज दिसायचं की! मला माहीत होतं. सगळ्या वाडीला माहीत होतं.

म्हातारी दारात बसून शेंगा फोडत होती. मी विचारलं, "आजी, चुली किती धरू?"

"अवो बाई, हे काय इचारनं झालं? आमच्यात भेद न्हाई. एकच चूल हाय."

"खोपटात..."

"झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई." ती हळूच म्हणाली. आणि तिनं माझ्याकडे असं बघितलं की मला माझीच आजी आठवली. वाईट नव्हती हो म्हातारी. विधवा सुनेला घराबाहेर काढलं असं कोणी म्हणू नये, एवढंच तिच्या मनात. थोरला पलीकडे दावं वळत होता. तोही म्हणाला, "व्हय व्हय, आमची चूल एकच."

माझी मान आपोआप खोपटाकडे वळली. दार उघडं होतं. धाकटी चुलीपुढे बसली होती. तिनं माझं विचारणं ऐकलं होतं. तिनं तवा खाली उतरवला, लाकडं मागं ओढली, निखाऱ्यांवर राख लोटली, आणि शेणाचं टोपलं उचलून चुलीवर पालथं घातलं. तव्यावरची भाकरी अर्धी कच्ची होती. ती तिनं उचलून पदराखाली धरली आणि उभी राहिली. टोपल्याच्या विणीतून धूर येतच होता. तापलेली भाकरी अंगाशी धरून ती बाई माझ्याकडे बघत होती, घराची अब्रू राखत होती. ज्या घरानं तिला गोठ्याशेजारी टाकलं त्या घराची!

आणि मी? मी म्हातारीकडे वळले आणि लिहिलं, चूल एक. खाली सही केली.

सारा माळ मी असा लिहिला. कचेरीत यादी गेली, आणि कागदावर वाडी निम्मी झाली. पुढं एका नकाशावर आमच्या माळाशेजारी लिहिलेलं मी स्वतः वाचलं, "जमीन पडीक, वस्ती अत्यंत विरळ." विरळ! अहो, माणसं होती तेवढीच होती. विरळ माझी पेन्सिल होती.

नंतर सात-आठ वर्षांत खालून कंपन्या सरकत सरकत वर आल्या. पिंपरी, चिंचवड, भोसरी झाली, मग आमच्या बाजूला जीपगाड्या फिरायला लागल्या. ज्यांनी आयुष्यात माळावर अनवाणी पाऊल ठेवलं नाही ते काठीनं दाखवत होते, इथून तिथपर्यंत प्लॉट. आयजीच्या जिवावर बायजी उदार! वाडी आखणीत गेली. ज्याचं घर जाईल त्याला रस्त्याकडेला घरासाठी जागा मिळणार होती. घर कोणाचं, हे ठरणार होतं जुन्या यादीवरून.

वाटपाच्या दिवशी टेबल माझ्या शाळेचं, खुर्ची माझ्या शाळेची, लिंबाखाली मांडलेली. साहेब नाव वाचायचे, माणूस पुढं जाऊन अंगठा द्यायचा. बौद्ध वस्तीतल्या प्रत्येकाचं नाव आलं. एकाचंही राहिलं नाही. आणि माळावरची भावाभावांची घरं एकेक नावात गुंडाळून संपत होती. धाकटे भाऊ एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले.

धाकटी मुलींना घेऊन पुढंच बसली होती. थोरल्या दिराचं नाव झालं. त्यानं अंगठा दिला. पुढचं नाव दुसऱ्या घराचं आलं. ती उठली.

"सायब, माझं ऱ्हायलं."

कारकुनानं कागद बघितला. "तुमचं यांच्यातच आहे."

"मी येगळी ऱ्हाते, सायब. धा वर्सं झाली."

साहेबांनी थोरल्याला विचारलं. म्हातारी आदल्या वर्षी गेली होती. आता कोणाची लाज राखायची होती? थोरल्यानं जमिनीकडे बघितलं आणि म्हणाला, "न्हाई, आमची चूल एकच."

तेच वाक्य! तोच माणूस! तेव्हा अब्रूसाठी बोलला होता, आता जागेसाठी. जीभ झडली कशी नाही मेल्याची, असं वाटलं मला. अजून वाटतं.

मी उभी राहिले. "साहेब, दोन चुली होत्या. मी डोळ्यांनी पाहिल्यात."

साहेब शांत होते. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला. "बाई, ही सही कुणाची?"

"माझी."

"मग तेव्हा खोटं लिहिलंत, की आता खोटं बोलताय?"

सगळा माळ माझ्याकडे बघत होता. ज्यांनी ज्यांनी मला "एकच" सांगितलं होतं ते सगळे. म्हटलं, "तेव्हा खोटं लिहिलं." ते म्हणाले, "मग तसा अर्ज करा." मी केला. एक नाही, चार केले. वरातीमागून घोडं. एकाचंही उत्तर आलं नाही. धाकटी मुलींचे हात धरून ओढ्याच्या बाजूनं निघून गेली, आणि पावसाळ्याच्या आत खोपट पाडलं गेलं.

पुढं माझी बदली चिंचवडच्या बाजूला झाली. तिथं कामगारांच्या चाळी, एका खोलीत मराठवाड्याचे, शेजारच्या खोलीत कोकणातले. आणि मला पुन्हा तेच काम! घरयादी. दारोदारी वही घेऊन हिंडायचं. मी या वेळी प्रत्येक खोलीत वाकून बघत होते. लोक चिडायचे. "काय ओ बाई, आमी काय चोरी केलीय का?" चिडा म्हटलं.

एका चाळीत शेवटच्या दारावर थाप मारली. दार धाकटीनं उघडलं.

केस पिकले होते. एका कंपनीच्या कँटीनात पोळ्या लाटते, असं नंतर कळलं. थोरली मुलगी मागं उभी होती, चांगली सतरा वर्षांची. मला बघून धाकटीच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. "या बसा" नाही, "बाई, तुमी?" नाही. तिनं माझ्या हातातली वही बघितली. मग वळली, कोपऱ्यातला रॉकेलचा स्टो दोन्ही हातांनी उचलला, आणि माझ्या पायापाशी उंबऱ्यावर आणून ठेवला. पंप मारला, काडी ओढली. निळी ज्योत सूं करत पेटली.

"ही माझी चूल. लिवा."

मी दाराबाहेर उभी राहूनच लिहिलं. घर तिच्या नावावर, माणसं तीन, चूल स्वतंत्र. सही करायला लागले तर म्हणाली, "थांबा."

तिनं माझ्या हातातून वही घेतली. तिला वाचता येत नव्हतं. तिनं ती मुलीपुढे धरली. त्या पोरीला बाराखडी मीच शिकवली होती, त्याच माळावर.

"काय लिवलंय त्ये वाच," ती मुलीला म्हणाली. "समदं वाच."