दादाच्या गाडीचा चिखल

भूत, भानामती, अंगात येणं – यातलं काहीही आमच्या घरात चालत नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. छप्पन साली बाबांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि देव्हाऱ्यासोबत भुतांनाही घराबाहेर काढलं. चौकात कुणी उतरवून टाकलेलं लिंबू दिसलं की बाबा ते उचलून आणत, धुऊन त्याचं सरबत करत आणि आम्हाला पाजत. वर विचारत, "काय झालं? मेले काय?" अशा माणसाचा मी मुलगा. त्यामुळे पुढचं वाचून तुम्ही हसलात तरी मला राग येणार नाही... दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीही हसलो असतो.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. आम्ही सक्करदऱ्याला तलावाच्या मागच्या वस्तीत राहत होतो. बाबा गिरणीतून निवृत्त झालेले, आई आधीच गेलेली. घरात बाबा, मी, माझा मोठा भाऊ नामदेव – म्हणजे दादा – आणि त्याची बायको शांता वहिनी. मी हिंगण्याच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये फिटर होतो. दादा आलापल्लीच्या जंगलातून सागवानाचे ओंडके आणायचा. पुढे लांब नाकाचा ट्रक, मागे जोडलेला ट्रेलर, आणि दोन्हींवर मिळून लांबच्या लांब पसरलेले ओंडके. लकडगंजच्या आरामशीनवर, म्हणजे लाकूड कापायच्या कारखान्यात, माल उतरवला की थोडे दिवस घरी, मग परत जंगल.

एकदा वहिनी मला म्हणाली, "भाऊजी, तुमचे दादा माह्यापेक्षा जास्त त्या गाडीसंग राह्यते. मले ते गाडी एकदा धड पाहू तरी द्या."

मी ती गाडी घरीच बनवायला घेतली. दीड फुटाला एक इंच असं माप धरलं. बॉनेट तेलाच्या डब्याच्या पत्र्याचं, केबिन सागवानाच्या ढलप्यांची. टायर जुन्या चपलेच्या रबराचे – त्यावरच्या खाचा मी कानसेने एकेक करून पाडल्या. घड्याळाच्या तुटक्या स्प्रिंगचे पाटे, टॉर्चच्या बल्बचे दिवे. माल बांधायची साखळी वहिनीच्या तुटलेल्या खोट्या माळेतली. ओंडक्यांसाठी दादानेच सालीसकट फांद्या आणून दिल्या होत्या. ट्रक आणि ट्रेलर जोडणारी पिनही मी खरीखुरी, काढता-घालता येईल अशी केली.

दादा आला की आधी हातपाय धुवायचा आणि मग मॉडेलसमोर उकिडवा बसायचा.

"ट्रेलरचा दांडा लहान झाला गा. वळणावर लाकडं केबिनमंदी घुसन."

मी दांडा बदलला. पुढच्या वेळी म्हणाला, "रम्या, हे गाडी हाय का नवरदेवाची घोडी? माही गाडी एवढी साफ कधी असते?"

मग मी सरसात गेरू कालवून चाकांना लावला. त्याने नखाने खरवडून पाहिलं आणि खूप हसला. "हा चिखल नाही, हा रंग हाय. पुसून टाक. या खेपेले तुले असली चिखल आणून देतो."

मी गेरू धुऊन काढला. दादा गेला. तो परत आला नाही.

परतीचा पाऊस होता. जंगलातल्या एका नाल्याच्या रपट्यावर, म्हणजे ठेंगण्या फरशीपुलावर, गाडी असताना वरून पाण्याचा लोंढा आला. क्लीनर तापाने डेपोतच थांबला होता, म्हणून वाचला. आरामशीनवरून निरोप आला तसा मी निघालो. तिथे ट्रेलर कुशीवर पडलेला, ओंडके पार दूरवर वाहून गेलेले, केबिनचं दार उघडं... आणि दादा नाही. पोलीस आणि गावकऱ्यांसोबत काठाकाठाने फिरलो. त्याची एक चप्पलसुद्धा सापडली नाही.

रिकाम्या हाताने घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी हाक मारली. ते मॉडेलच्या फळीसमोर उभे होते.

"रमेश, हे तू केलं काय?"

चारही बाजूंच्या टायरांना चिखल लागला होता. ओला. नागपूरची माती काळी. हा तांबडा होता, मी नुकताच ज्यात घोट्यापर्यंत रुतून आलो होतो तसा. वाटलं, माझ्याच कपड्यांवरून कसातरी लागला असेल. पुसून टाकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच. पुन्हा पुसला. पुन्हा आला. बाहेर ऑक्टोबरचं ऊन असं की धुतलेलं धोतर बघता बघता वाळावं.

मला वहिनीचा संशय आला, तिला माझा. शेवटी मी मॉडेल फडक्यात गुंडाळून कंपनीच्या बसने हिंगण्याला नेलं आणि माझ्या लॉकरमध्ये ठेवलं. किल्ली खिशात. जेवणाचा भोंगा झाल्यावर उघडलं. फडकं खालून भिजलेलं. टायरांच्या त्या कानसेने पाडलेल्या खाचांमध्ये चिखल भरलेला, आणि एका चाकाला कुजक्या पानाचा तुकडा चिकटलेला. लॉकरमधून रानाचा वास येत होता. सगळे जेवायला गेले होते... मी तिथेच मशीनला टेकून रडलो.

घरी येऊन जे दिसलं ते सांगितलं. वाटलं, बाबा मला वेड्यात काढतील. पण त्यांचा चेहरा उजळला.

"मंग बरोबर हाय. गाडी चालू हाय. नाम्या येऊन राहिला."

उतरवलेल्या लिंबाचं सरबत करून पाजणारा माझा बाप! त्या दिवसापासून तो फाटकाजवळ खुर्ची टाकून बसू लागला. जेवायला बोलावलं तर म्हणायचा, नाम्या आला की सोबत बसू. नातेवाईक म्हणाले, भंतेजींना बोलवा, नामदेवच्या नावाने वंदना घ्या, शांताला मोकळं करा. बाबा त्यांच्या अंगावर धावून गेले. दर सकाळी चिखल बोटाने चाचपून बघायचे – ओला आहे ना? दिवसागणिक बाबा वाळत चालले होते.

एका दुपारी वहिनी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मामाजी, मले रडूही देऊन नाही राहिले तुम्ही."

"काहून रडतं वं? तो रस्त्यात हाय."

"किती दिवस रस्त्यात ठेवता त्याईले? थकले असन ना ते."

वहिनीने मॉडेल फळीवरून उतरवून जमिनीवर ठेवलं आणि समोर बसली. आधी साखळी सोडली. मग एकेक ओंडका दोन्ही हातांनी उचलून बाजूला रचू लागली. घाई नाही, काही नाही. अधूनमधून पदराने डोळे पुसायची. शेवटचा ओंडका उरला तेव्हा बाबा आले, खाली बसले, आणि त्याचं दुसरं टोक त्यांनी धरलं. एवढीशी ती फांदी... दोघांनी मिळून उतरवली. वहिनीने पिन काढून ट्रेलर वेगळा केला. मग ती जी रडली, तसं रडणं मी पुन्हा ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी टायर कोरडे होते. त्यानंतर कधीच चिखल आला नाही. आम्ही वंदना घेतली. दादा मात्र सापडला नाही, आजपर्यंत नाही.

हे काय होतं, मला माहीत नाही. मी लोखंडाचं काम करणारा माणूस, माप घेतल्याशिवाय बोलत नाही – पण इथे कशाचं माप घेऊ? ती गाडी चालू होती हे खरं मानलं, तर ती आम्ही थांबवली असंही मानावं लागतं. आणि मग पुढचं काही सुचत नाही.

बाबांनाही तेच खात असावं. पुढे बऱ्याच वर्षांनी ते अंथरुणाला खिळले होते. वहिनी त्यांना चमच्याने पेज भरवत होती. त्यांनी मध्येच तिचा हात धरला. आवाजात राग नव्हता, लहान पोरासारखं विचारलं –

"शांता, आपण गाडी थांबवली नसती तं... पोहोचला असता काय वं तो?"

मी दारात होतो. मला वाटलं, आता ही बाई कोसळणार. वहिनीने चमचा वाटीत ठेवला, त्यांच्या हनुवटीवर ओघळलेली पेज पुसली.

"पोहोचले होते, मामाजी," ती म्हणाली. "पोहोचल्याबिगर कोणी गाडी खाली करते काय?"

बाबांनी तोंड उघडलं, आणि तिने पुढचा घास भरवला.