पावसाचं शेवटचं कडवं

टेप मी थांबवली नाही, शेठनी थांबवली. माझ्या खांद्यावरून हात घालून त्यांनी स्टॉपचं बटण दाबलं आणि काचेपलीकडे बघत म्हणाले, "मन्मथ, ही बाई पाऊस आला म्हणून रडून का राहिली?"

काचेपलीकडे तिघं जण होते. हार्मोनियमवर गौतम, ढोलकीवर खाजाभाई आणि माइकसमोर गौतमची मोठी बहीण कौसल्याबाई. उकाडा मरणाचा होता. रेकॉर्डिंग चालू असताना पंखा बंद ठेवावा लागतो, कारण माइक पंख्याची घरघर पकडतो. खाजाभाईंच्या बनियनचं पाणी झालं होतं.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा दोन-चार वर्षंच झाली होती. भाड्याच्या घरांवर सरकारी कचेऱ्यांच्या नव्या पाट्या लागल्या होत्या आणि पाण्याचा मात्र ठणठणाट होता. दुष्काळाचं सलग दुसरं वर्ष. कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांचा आमचा स्टुडिओ होता. भिंतींना अंड्यांचे ट्रे ठोकले होते, खिडक्यांवर वाकळा टांगल्या होत्या. मी तिथला एकटा रेकॉर्डिस्ट. गल्लीत टँकर आला की एवढा कल्ला व्हायचा की वाकळा असूनही टेक वाया जायचा. त्यामुळे टँकरची वेळ चुकवून आम्ही गाणी घ्यायचो आणि लाइट गेली की टँकरची वाट पाहायचो.

हे बहीण-भाऊ अहमदपूरकडचे. गौतम प्राथमिक शाळेत मास्तर, कौसल्याबाई अंगणवाडीत, खाजाभाई उदगीरचे, सायकलचं दुकान सांभाळून ढोलकी वाजवायचे. जयंतीच्या कार्यक्रमात, गावोगावच्या विहारांत ते गायचे. अशा संचाला आमच्याकडं गायन पार्टी म्हणतात. पण यांची गोष्ट जरा वेगळी होती. इतर पार्ट्या तयार चालीवर शब्द बसवायच्या. हे दोघं बहीण-भाऊ स्वतःची गाणी लिहायचे, स्वतःच चाल लावायचे, आणि त्यांतली निम्मी गाणी उदास. "टाळ्या कमी पडतात," असं गौतम स्वतःच सांगायचा. चार वर्षं ते कॅसेटवाल्यांचे उंबरे झिजवत होते. शेवटी नांदेडच्या या शेठनी आठ गाण्यांची एक कॅसेट काढायचं कबूल केलं होतं. नव्या जिल्ह्याचा वाढदिवस जवळ आला होता. त्याच्या आधी कॅसेट बाजारात आली, तर त्या कार्यक्रमाचं बोलावणंही मिळेल, असा शेठचा हिशेब होता.

सात गाणी झाली होती. हे आठवं. त्याचं ध्रुवपद असं होतं:

वरून तुझी धार, खाली माझी ओंजळ,
किती प्याले गं, किती सांडलं.

मधल्या कडव्यात विहीर आटते:

आटली विहीर, आपण एका रांगंत,
तुझ्या घागरीत माझं पाणी गेलं.

आणि शेवटचं कडवं:

आला गं पाऊस, भरली विहीर,
शिवार सारं हिरवं झालं;
तू काठावर, मी खाली उभी,
पुन्हा मधलं अंतर आलं.

हे शेवटचं कडवं कौसल्याबाई सगळ्यात संथ गायच्या. आवाज खाली न्यायच्या. "अंतर आलं" म्हणताना ढोलकी थांबायची आणि हार्मोनियमचा एकच सूर उरायचा.

मलाही ते खटकलं होतं. दुष्काळात पाऊस येतो तिथं गाणं चढायला पाहिजे, एवढं साधं गणित. शेठ आत गेले. मी मागून गेलो.

"मास्तर, लोक दोन साल पावसाची वाट बघून राहिले. तुमच्या गाण्यात पाऊस आला, तर नाचू द्या की त्यांना."

गौतम बहिणीकडं बघू लागला. कौसल्याबाई पदरानं मान पुसत म्हणाल्या, "नाचायचं गाणं न्हाई ते."

"मग ते कडवं जलद म्हणा. शब्द तेच ऱ्हाऊ द्या."

त्यांनी एकदा म्हणून पाहिलं. सूर बरोबर, ताल बरोबर, पण शाळेत पाढे म्हणावेत तसं. शेठनी घड्याळ पाहिलं. त्यांना उदगीरला जायचं होतं. जाताना जिन्यात मला म्हणाले, "तू कर काहीतरी. सोमवारी मास्टर पायजे. असं रडकं गाणं मी कॅसेटमध्ये घेणार न्हाई, आणि सात गाण्यांची कॅसेट निघत न्हाई. समजलं?"

समजलं होतं. मास्टर म्हणजे ती मूळ टेप, जिच्यावरून हजारो कॅसेट निघतात. तिच्यावर जे असेल तेच घरोघर जाणार. आमच्याकडं तेव्हा सगळे एकाच वेळी गात-वाजवत आणि एकाच वेळी टेपवर उतरत. नंतर एकट्या कडव्याचा वेग बदलायची सोय नव्हती. सोय एकच होती, ब्लेड. टेप पट्टीवर ठेवायची, तिरपी कापायची, नको तो तुकडा काढायचा, हवा तो जोडायचा आणि मागून चिकटपट्टी लावायची. तिरपी अशासाठी, की जोड कानाला कळू नये. या कामात माझा हात चांगला होता. नांदेडपर्यंत लोक मला कापायला बोलवायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या गाण्याचा आधी घेतलेला, संथ शेवटाचा पूर्ण टेक घेऊन बसलो. तालमीच्या वेळी खाजाभाईंनी गंमत म्हणून ध्रुवपद दुप्पट वेगानं वाजवलं होतं, कौसल्याबाईही हसत हसत त्यात गायल्या होत्या, आणि टेप चालू होती. तो तुकडा मी शोधून काढला. "शिवार सारं हिरवं झालं" इथं कापलं. पुढच्या दोन ओळी काढल्या आणि तिथं ते धावतं ध्रुवपद जोडलं. ऐकलं. गाणं असं उसळून उठलं की मी एकटाच खोलीत मांडीवर ताल धरला.

दुपारी तिघं आले. टेप ऐकून पसंतीची सही करायची होती. मी मोठ्या कौतुकानं गाणं लावलं.

शेवटी ढोलकी धावायला लागली तेव्हा खाजाभाईंनी कपाळाला हात लावला. "क्या करे जी तुम? गाने की टांगच तोड डाले."

"टांग तोडली नाही खाजाभाई, पळायला लावली."

कौसल्याबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "मन्मथभाऊ, माझ्या दोन ओळी कुठं हायत?"

"काढल्या. गाणं तिथं बसत होतं."

"गाणं तिथंच हाय."

मी समजावायला लागलो. बाजार, गिऱ्हाईक, दुष्काळ. म्हणालो, "लोकांना दुष्काळाच्या गाण्याचा शेवट गोड लागतो."

"ते दुष्काळाचं गाणं न्हाई."

आठ दिवस मी ते गाणं ऐकत होतो. दहा-बारा वेळा तरी ऐकलं असेल.

त्या सांगू लागल्या. आवाज वर गेला नाही, की डोळ्यांत पाणी आलं नाही. अंगणवाडीतल्या एखाद्या मुलीचं वजन वहीत लिहावं तसं सांगितलं.

त्यांच्या गावात शोभा नावाची मैत्रीण होती. वरच्या आळीतली. दोघी एका वर्गात, एका बाकावर. पण विहिरीवर कौसल्यानं चढायचं नाही. शोभा काठावर उभी राहायची, घागर कलती करायची आणि कौसल्या खालच्या पायरीशी ओंजळ धरायची. "ती धार मुद्दाम हलवायची. माझ्या नाकातोंडात पाणी जायचं. आम्ही दोघी लई हसायचो. मला कधी वाईट वाटलं न्हाई. तसंच असतंय म्हणून वाटायचं."

मग मागचा मोठा दुष्काळ पडला. विहीर तळाला गेली. टँकर सुरू झाला आणि सगळं गाव एका रांगेत आलं. एके दिवशी शोभाचा नंबर यायच्या आधीच टँकर संपला. ती रडायला लागली. कौसल्यानं आपली अर्धी घागर तिच्या घागरीत ओतली. कुणी अडवलं नाही. त्या दुष्काळभर दोघी एकमेकींच्या घागरी धरत राहिल्या.

"मग पाऊस आला," कौसल्याबाई म्हणाल्या. "विहीर भरली. मी पळतच गेले. शोभी काठावर उभी. मी वर पाय टाकला तर म्हणाली, अगं तिथंच थांब, मी वतते. मला म्हणाली ते रागानं न्हाई. हसूनच म्हणाली. मी ओंजळ धरली. पाऊस पडला त्याचं मला वाईट वाटलं, भाऊ. सारं गाव नाचत होतं आणि मला वाटलं, अजून एक साल पडला नसता तर बरं झालं असतं. आता हे गोड कसं म्हणू?"

मला आमचं घर आठवलं. सालगड्याची बायको दुपारी यायची तेव्हा आई असंच पाणी द्यायची. मायेनं द्यायची. "उन्हात आलीस गं," म्हणायची. पण वरून. ते मी रोज पाहिलं होतं, आणि तरी "वरून तुझी धार, खाली माझी ओंजळ" ही ओळ मला आठ दिवसांत कळली नव्हती. मला वाटलं होतं, दोघी पोरी पाण्याशी खेळत असतील.

गौतम खाली बघून म्हणाला, "आक्का, चार वर्षं झाली. शेठ कॅसेटच काढणार न्हाई."

"बाकीची सात त्याला पायजे तशी घेऊ दे. पळव, नाचव. हे एक न्हाई."

"सातावर तो काढत न्हाई, आक्का."

"मग न्हाई."

गौतमचा चेहरा मला बघवेना. तो चिडला नव्हता. त्याला दोन्ही गोष्टी पाहिजे होत्या आणि दोन्ही एकदम मिळत नव्हत्या, एवढंच.

काढलेला तुकडा मी फेकला नव्हता. सवयच होती, काम पास होईपर्यंत काही टाकायचं नाही. त्यांच्यासमोरच मी जोड उकलला आणि मूळ दोन ओळी परत बसवल्या. मग खाली कापड दुकानात जाऊन नांदेडला ट्रंक कॉल लावला. लागायला तासभर गेला.

"शेठ, आठवं गाणं आहे तसंच बरोबर आहे."

"पाऊस आल्याचं रडणं?"

"हो." आणि मी विहिरीची गोष्ट सांगितली. दुकानात गिऱ्हाइकं होती, तीही ऐकत होती.

मग शेठ म्हणाले, "हे कव्हरवर छापू नको."

"नाही छापत."

"कुणाला सांगूबी नको. बी साइडला टाक, सगळ्यात शेवटी. तिथवर कोण ऐकतंय?"

असं ते गाणं वाचलं.

कॅसेट निघाली. बऱ्यापैकी खपली. जिल्ह्याच्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं, तिथं त्यांनी जलद गाणी म्हटली आणि टाळ्या घेतल्या. बी साइडचं शेवटचं गाणं मात्र आपल्या वाटेनं गेलं. उदगीरच्या स्टँडवर एका चहावाल्यानं ते माझ्यासमोर बंद केलं. म्हणाला, "गिऱ्हाईक उदास होतंय." पण खेड्यांत उलटं झालं. या गाण्यात पाऊस येतो म्हणून लोक ते देवळाच्या कर्ण्यावर लावू लागले. अर्थ कुणी विचारला नाही. मी हे कौसल्याबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "लावू द्या. ज्याला पाऊस पायजे त्यानं पाऊस ऐकावा."

पार्टी आणखी सहा-सात वर्षं टिकली. दोन कॅसेट निघाल्या, तिसरी निघाली नाही. गौतमची बदली हिमायतनगरला झाली, खाजाभाईंच्या गुडघ्यानं मांडी घालून बसणं सोडलं. भांडण वगैरे काही झालं नाही. तालमीला जमणं जमेना, एवढंच.

बऱ्याच वर्षांनी कौसल्याबाई एका लग्नात भेटल्या. मी विचारलं, "शोभानं ऐकलं का हो ते गाणं?"

"हाव. तीच मला शोधत आली. गळ्यात पडली. म्हणाली, आपल्या विहिरीचं गाणं केलंस गं. तिच्या लेकीलाबी पाठ हाय."

"आणि शेवटचं कडवं?"

"तेच तिला सगळ्यात आवडतंय. पाऊस येतो म्हणून."

"तुम्ही सांगितलं नाही?"

"सांगणार होते. पण ती इतकी खूश होती." त्यांनी मांडवाकडं पाहिलं. "आणि त्या दिवशी तिनं मला पाणी हातात दिलं. गलासानं. तेवढ्यात कशाला सांगायचं?"

मी पुढं वीस वर्षं रेकॉर्डिंग केलं. त्या कॅसेटनंतर एक सवय लावून घेतली. टेप सुरू करायच्या आधी गायकाला गाणं नुसतं बोलून दाखवायला सांगायचो, चाल सोडून, आणि विचारायचो की यात काय झालंय. पंधरा मिनिटं जायची. पार्ट्या कुरकुर करायच्या. पुष्कळांना उत्तर देता यायचं नाही, काही रागवायचे, एकदा एक जण उठून दुसऱ्या स्टुडिओत गेला. ज्यांना सांगता आलं, त्यांच्या गाण्यांत मी परत कधी ब्लेड घातलं नाही. बाकीच्यांची मी कॅसेटवाले सांगतील तशी कापून दिली.