देवीची नाडी

मुलांनो, परवाच्या पत्रात धाकटीनं सहज एक ओळ लिहिली होती, "आजी, मधूनच छाती धडधडते, पण थांबते लगेच." त्या ओळीमुळं आजच लिहायला बसले आहे.

मी लग्न होऊन तुळजापुरात आले तेव्हा निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती. घरात माझी विधवा नणंद होती. सगळ्यांची पानं उठल्यावर ती जेवायची. एका मंगळवारी आरती चालू असताना ती थरथरू लागली, घामानं भिजली, डोळे मिटून भिंतीला टेकली. देवी अंगात आली म्हणून बायकांनी तिला पाटावर बसवलं, पाय धुतले. "आई, माझ्या पोरीचं लग्न कधी जमायचं?" एकीनं तिला देवी समजून विचारलं.

शाळेत मी प्रथमोपचार शिकले होते. माझ्या मनगटावरच्या घड्याळावर तिची नाडी पाहिली. दोन ठोके घाईनं पडत, मग एक चुकायचा.

"सासूबाई, हे हृदयाचं दुखणं वाटतंय. सोलापूरला दाखवू या."

"इंग्रजी शिकलीस म्हणून देवीची नाडी बघतीस व्हय?"

सगळ्या हसल्या.

दुसऱ्या दिवशी ज्वारी निवडताना नणंदच म्हणाली, "वहिनी, छातीत पाखरू कोंडल्यासारखं होतं बघा. देवीबिवी काही न्हाय. पण तुम्ही आता बोलू नका. कालपासनं पहिलं पान मला वाढतात."

तिचं ते पान काढून घेणं मला जमलं नाही. दर मंगळवारी बायका तिला पाटावर बसवत, तेव्हा मी नाडी मोजून वहीत लिहीत राहिले. त्यापलीकडं काही केलं नाही.

पुढं एका सकाळी आडावर पाणी शेंदताना ती कोसळली. एसटीनं सोलापूरला नेलं. मी डॉक्टरांपुढं वही धरली. त्यांनी पानं उलटली.

"हे कुणी लिहिलं?"

"मी."

"एवढं कळत होतं, मग आणलं का नाही?"

सासूबाई खाली बघत होत्या. मी वही परत घेतली. तिसऱ्या दिवशी ती गेली.

धाकटे, प्रत्येक धडधड वाईट नसते. जिना चढून, घाबरून, चहा जास्त होऊनही होते आणि जाते. पण स्वस्थ बसलेलं असताना पुन्हा पुन्हा होत असेल, ठोके चुकत असतील, तर डॉक्टरांना दाखव. सोबत चक्कर आली, दम लागला, छातीत दुखलं, तर त्याच घटकेला जा. कुणाला काय वाटेल, याचा विचार करू नकोस.

घड्याळ केव्हाच बंद पडलं. वही माझ्या कपाटात आहे. शेवटच्या मंगळवारचा आकडा अजून वाचता येतो.