पास झालेल्या बारा कोंबड्या

कोंबडीची छाती व्हर्नियर कॅलिपरनं मोजणारा पिंपळे गुरवातला पहिला माणूस मी. शेवटचाही मीच.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी पिंपरीच्या एका कंपनीत इन्स्पेक्शनला होतो, आणि घरामागच्या मोकळ्या जागेत आमच्या सुमनचा कोंबडीपालनाचा कारखाना होता. खाटकाला विकायच्या पांढऱ्या, मांसल कोंबड्या. माझ्या कारखान्यापेक्षा तिचा बरा चालायचा, कारण तिथं युनियन नव्हती आणि (मला सोडलं तर) कामचुकार कुणी नव्हतं.

तिची अडचण एकच. पिल्लं बाहेरून विकत आणावी लागत, आणि त्यातली निम्मी आठवडाभरात माना टाकत. मागच्या खेपेला तर ती खुराड्यापाशी बसून रडली होती. म्हणून या खेपेला तिनं ठरवलं, की पन्नासातल्या दहा उत्तम कोंबड्या आणि दोन कोंबडे पैदाशीसाठी मागं ठेवायचे. घरची अंडी, घरची पिल्लं! अंडी उबवायला शेजारच्या गावठी खुडूक कोंबड्याही तिनं आधीच सांगून ठेवल्या होत्या. तीन महिने ती त्या बारांवर नजर ठेवून होती.

आणि नेमकं शुक्रवारी तिला तळेगावला बहिणीकडे बारशाला जावं लागलं. गफूरभाई खाटीक शनिवारी सकाळी माल न्यायला येणार होते. निघताना तिनं मला खुराड्यापाशी उभं केलं.

"अहो, नीट बघा. ही ठेवायची. ही. ती पलीकडची. हा कोंबडा. ती नाही हं, तिच्या मागची. कळलं?"

"हं." (मी दाढी करत होतो.)

"मी चिंध्या बांधून जाऊ का पायाला?"

"चिंध्या? अगं, वीस वर्षं इन्स्पेक्शनला आहे मी! रंगानं खुणा करतो. तू जा, गाडी चुकेल."

ती गेली. मी तोंड पुसून वळलो तर पन्नास पांढऱ्या कोंबड्या! सगळ्या सारख्या! जिची 'ही' झाली होती ती कुठं, आणि 'तिच्या मागची' आता कुणाच्या पुढं, देव जाणे.

दुसऱ्या कुणी कपाळाला हात लावला असता. मी कॅलिपर काढला. किराणावाल्याचा तराजू मागून आणला. तारेचं एक कडं करून गेज बनवला; ज्या कोंबडीची छाती त्यातून जाईल ती नापास. एकेकीला धरून छाती मोजली, वजन केलं, पाटीवर नोंदलं. दोन तासांत अंगभर ओरखडे, केसांत पिसं आणि लेंग्यावर नको ते! पण जड, भरलेले, गरगरीत असे बारा पक्षी मी निवडले. त्यांच्या पायाला हिरवा रंग लावला. उरलेल्या अडतीसांना लाल. हिरवा म्हणजे पास, लाल म्हणजे रिजेक्ट. कंपनीत रोज करतो तेच.

शनिवारी माझी फर्स्ट शिफ्ट. शेजारचे शंकरराव दुसऱ्या कंपनीत सेकंड शिफ्टला होते, त्यांना म्हटलं, "गफूरभाई आले की माल द्या. खुणा केल्यात, काही विचारायची गरजच नाही."

"बिनघोर जा, राव," शंकरराव म्हणाले. बिचारा भला माणूस.

दुपारी साडेतीनला घरी आलो. खुराड्यात डोकावलो. लाल. लाल. लाल. लाल. हिरवं एक नाही!

"शंकरराव!" मी ओरडलो. ते डबा घेऊन कंपनीत निघाले होते, तसेच आले.

"काय झालं?"

"हिरव्या कुठं आहेत?"

"दिल्या की गफूरभाईला. बारा होत्या, बाराच्या बारा!"

"अहो, हिरव्या ठेवायच्या होत्या!"

शंकररावांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मलाच माझी शंका यावी. "राव, मी डिस्पॅचला हाय. पास झालेला माल कुठं जातो?"

"गाडीत."

"आन् रिजेक्ट?"

"मागं राहतो."

"मग? गफूरभाई अडतीस न्यायला टेम्पो घेऊन आल्ते, कटकट करत हुते. मीच सांगितलं, बाकीचा रिजेक्ट हाय, साहेबांनी स्वतः चेक केलाय!"

मी सायकल काढली. माझं वजन तेव्हाही बेताचं नव्हतं. पिंपरीच्या बाजारात पोचेपर्यंत शर्ट पिळून घ्यावा अशी अवस्था झाली होती. डोळ्यांपुढं एकच, सुमन साडेपाचच्या गाडीनं उतरणार, आणि तिची तीन महिन्यांची मेहनत मी रंग लावून खाटकाकडे पाठवलेली!

"या साहेब!" गफूरभाईंनी हात पुसले. "आज दिल खूश केलंत. क्या माल था!"

"था?"

"दावतीची ऑर्डर होती. अकरा गेल्या."

मी तिथल्याच बाकड्यावर बसलो. त्यांनी मला पाणी दिलं आणि म्हणाले, "एक कोंबडा राहिलाय. वजनाला जबरदस्त, पण दोन पावलं टाकतो आणि बसतो."

तो कोंबडा पिशवीत घालून हँडलला अडकवला. निदान एक तरी वाचवला असं दाखवता येईल, एवढीच आशा! वाटेत चढ लागला तिथं आम्ही दोघांनीही विश्रांती घेतली.

घरी आलो तर सुमन नुकतीच आत शिरत होती. पाणीही न पिता ती थेट खुराड्याकडे गेली. मी मागं उभा, पिशवी पाठीमागं धरून. माफीचं पहिलं वाक्य तोंडात तयार होतं.

"ही... ही... ती तिकडची..." तिचं बोट फिरू लागलं. "हा कोंबडा... तिच्या मागची... बारा! अहो, सगळी आहेत!"

"आहेत?"

"म्हणजे काय! आणि ती जाडी धूडं गेली वाटतं. बरं झालं बाई! नुसती बसून खायची, पायात जोर नाही. त्यांची पिल्लं काय चालणार? चपळ, सरळ पायाची, तीच धरायची असतात." मग ती माझ्याकडे वळून हसली. "मला वाटलं, दाढी करताना तुमचं लक्षच नव्हतं."

माझ्या छातीवरचा दगड असा उतरला, की मी मटकन पायरीवरच बसलो. हसू की रडू कळेना. तिची बाराच्या बारा मी रिजेक्ट केली होती, म्हणून वाचली होती! गप्प राहिलो असतो तर जन्मभर मान मिळाला असता. पण तेवढ्यात पिशवीतून कोंबड्यानं मान बाहेर काढली आणि आरवला.

"हा परत का आणलात?"

मग सगळं सांगावंच लागलं. कॅलिपर, कडं, डिस्पॅच, दावत. ती पदर तोंडाला लावून हसत होती. हसता हसता डोळेही पुसत होती, कारण क्षणभर का होईना, काय जाणार होतं ते तिला कळलं होतं.

उरलेल्या सव्वीस गफूरभाईंनी सोमवारी नेल्या. पावसाळ्याआधी आमच्याकडे घरची पिल्लं चिवचिवायला लागली. त्यानंतर प्रत्येक खेपेला सुमन आधी मला निवड करायला सांगायची आणि मी पास केलेली नेमकी गफूरभाईंना द्यायची. माझी निवड एकदाही चुकली नाही!

एकदा मात्र मी चिडलो. पायरीवर टेकून म्हटलं, "एवढी पारख आहे ना तुला? मग मला निवडताना काय बघितलं होतंस?"

ती दाणे टाकत होती. मान वर न करता म्हणाली, "मी कुठं निवडलं? बाबांनी निवडलं. त्यांनी वजनच बघितलं असणार."

बाणेदारपणे उठून आत जायला निघालो. दोन पावलं टाकली आणि बसलो.