पत्रकावरचं नाव

मंगळवार, ५ जून १९५६. पुण्याची एस. टी. उशिरा आली. कायदाशाळेच्या ग्रंथालयाचं पत्रक मिळालं. नवी पुस्तकं: करारांवर एक, कुळकायद्यावर दोन, नव्या हिंदू विवाह कायद्यावर एक भाष्य. शनिवारी दत्तकविधानावर व्याख्यान. पावसाळ्यात वाचनाच्या वेळा बदलणार. सोजराबाई आली होती, म्हादू आणि पारूही. वेष्टनावर अजून बिरूचंच नाव. जोंधळे निवडायचे राहिले.

हे पत्रक माझ्याकडे का येई ते आधी सांगते. आमचे हे भोरच्या कोर्टात वकील होते. अठ्ठेचाळीस साली संस्थान विलीन झालं, मुंबईचा कायदा इथे लागू झाला आणि यांच्या कपाटातली निम्मी पुस्तकं एका रात्रीत जुनी झाली. नवी सगळी विकत घेणं शक्य नव्हतं. पुण्याला पेठेत संध्याकाळच्या वर्गांची एक लहानशी कायदाशाळा होती, आता ती बंद पडली. तिच्या ग्रंथालयातून हे पुस्तकं मागवीत. काय नवीन आलं, कोणतं व्याख्यान आहे, कोणती पुस्तकं रद्द केली, हे कळवणारं पत्रक दर महिन्याला येई. हे गेल्यावर मी यांची खोली तरुण वकिलांसाठी उघडी ठेवली, आणि पत्रक येत राहिलं.

पण पत्रकाची खरी वाट पाहणारी एकच बाई होती, आणि तिला अक्षर येत नव्हतं.

सोजराबाई ढेबे वेल्ह्याकडच्या डोंगरातली धनगरीण. उंच, काटक, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, बोलणं मोठ्यानं; रानात एका टेकाडावरून दुसऱ्या टेकाडावर हाक मारायची सवय, ती माझ्या ओटीवरही सुटत नसे. दोन मुलं पाळण्यातच गेली, तिसरा बिरू. तो जगावा म्हणून तिनं नवस केला आणि त्याच्या उजव्या कानात चांदीची बाळी घातली. भोरच्या सोनारानं ती डाग देऊन बंद केली, पुन्हा निघू नये म्हणून. पोरगा मोठा झाला तशी ती कानात घट्ट बसली.

बिरू भोरच्या शाळेत शिकला. रविवारी यांच्या खोलीत येऊन बसायचा आणि जे हाती लागेल ते वाचायचा. मॅट्रिक झाल्यावर यांनीच चिठ्ठी देऊन त्याला कायदाशाळेच्या ग्रंथालयात लावून दिलं. दिवसा काम, रात्री अभ्यास, आणि पुढेमागे वकिली करायची असं त्याच्या मनात होतं. अक्षर सुरेख, म्हणून ग्रंथपाल आनंदरावांनी पत्रक लिहिण्याचं काम त्याला दिलं. आतला मजकूर तो मेणकागदावर लिहून प्रती काढी. वरचं वेष्टन मात्र छापील असे, वर्षभराचं एकदम छापून घेतलेलं, आणि त्यावर खाली कोपऱ्यात छापलेलं: पत्रकलेखक, बिरू सोनबा ढेबे.

बाजारला आली की सोजराबाई आधी माझ्याकडे येई.

"वाचा वकीलीणबाई. यंदा किती याली?"

"अगं, पुस्तकं आहेत ती, मेंढ्या नव्हेत."

"तेच की. नवी किती आली?"

मी नावं वाची. ती मन लावून ऐके. "कायद्याची येवढी पुस्तकं! मानसं भांडत्यात तरी किती वं!" मग विचारी, "आन मेलेली किती?" म्हणजे रद्द केलेली. त्यांची नावं ऐकताना ती मान हलवून हळहळे. शेवटी मी वेष्टनावरचं नाव वाचलं की उठे. तेवढ्यासाठीच ती आलेली असे. मुलाचं वेगळं पत्र तिला नको होतं. ती म्हणे, "पत्रात ल्येक काय बी खोटं लिवल, बरा हाय म्हनून. हे सरकारी हाय."

धनगरांमध्ये दुसऱ्याची मेंढरं राखायला घेतात. प्रत्येक मालकाच्या मेंढराच्या कानाला खुणेची त्याची त्याची कातर असते. लांब रानात मेंढरू मेलं तर राखणारा त्याचा कान कापून आणतो आणि मालकाला दाखवतो. कान दाखवला नाही तर ते मेलं असं कुणी मानत नाही. सोजराबाईचा नवरा सोनबा मरेपर्यंत हेच काम करीत होता. एकदा सुट्टीत बिरूनं तिला माझ्यासमोरच सांगितलं होतं, "आये, आमच्यातबी कान असतो. पुस्तक फाटलं की शिक्क्याचं पान फाडून आनंदरावांना दाखवावं लागतं. तवाच ते यादीतनं काढत्यात." सोजराबाईचा ग्रंथालयावर विश्वास बसला तो त्या दिवसापासून.

पंचावन्न सालच्या दिवाळीनंतर ती दिराबरोबर मेंढरं घेऊन नेहमीसारखी घाट उतरून कोकणात गेली. जाण्याआधी बिरूची सोयरीक ठरली होती, म्हादू धनगराच्या मुलीशी, पारूशी. सुपारी फुटली, लग्न वैशाखात करायचं ठरलं.

मार्गशीर्षाच्या पत्रकात सर्वांत वर चौकट होती. ग्रंथालयाचे सहायक बिरू ढेबे यांचे विषमज्वराने दवाखान्यात निधन. ग्रंथालयात शोकसभा झाली. मजकुराचं अक्षर दुसऱ्याच कुणाचं होतं. वेष्टन तेच. मी दोन माणसं कोकणात पाठवली, पण मेंढरांचा वाडा रोज हलतो. आज या गावच्या शेतात, उद्या त्या. ती माणसं हात हलवीत परत आली. पुण्यातल्या लोकांनीच त्याला अग्नी दिला.

वैशाखात सोजराबाई घाट चढून आली ती घरीही न जाता थेट माझ्या ओटीवर. पायांवर धुळीचे थर, खांद्यावर लोकरीचं गाठोडं. "साचली असतील की पत्रकं. वाचा समदी."

मी तिला आधी पाणी दिलं. मग सांगितलं. सांगण्याची काही वेगळी रीत मला सुचली नाही. मग ती चौकट वाचून दाखवली.

तिनं हातातला तांब्या खाली ठेवला. "म्होरलं वाचा."

"सोजराबाई, अगं…"

"म्होरलं पत्रक वाचा म्हनते ना."

मी पुढचं वाचलं. नवी पुस्तकं, व्याख्यानं. वेष्टनापाशी मी थांबले. अक्षर येत नसलं तरी त्या कोपऱ्यातल्या नावाचा आकार तिच्या डोळ्यांना पाठ झाला होता. तिनं त्यावर बोट ठेवलं. "ह्ये काय? हाय न्हवं नाव?"

वेष्टनं वर्षाची छापलेली आहेत, संपेपर्यंत तीच वापरणार, हे मी तिला पुन्हा पुन्हा समजावलं. ती म्हणाली, "मेलेल्याचं यादीतनं काढत्यात. त्यानंच सांगितलं हुतं. ह्येंनी काढलं न्हाई." आणि गाठोडं उचललं. त्यात पहिल्या कातरणीची कोकरांची लोकर होती, तिनं स्वतः कातलेली. लग्नात नवरानवरीला बसायच्या घोंगडीसाठी. ती तिनं त्याच दिवशी बाजारातल्या सनगराकडे विणायला टाकली.

दीर पुण्याला जाऊन बिरूची ट्रंक घेऊन आला. कपडे, दोन वह्या, जुनी घोंगडी. तिनं घोंगडी हुंगली आणि घडी घातली. "लोकर कातरली तरी परत येती," ती म्हणाली. "कान परत येत न्हाई. कान कुठं हाय?"

आता पाच जूनच्या दिवसाकडे येते. म्हादूला सारोळ्याच्या अंगाचं एक चांगलं स्थळ आलं होतं. ती माणसं ज्येष्ठापलीकडे थांबायला तयार नव्हती. पण सुपारी फुटलेली पोर, मुलाच्या आईनं चारचौघांत 'मोकळी' म्हटल्याशिवाय दुसरीकडे देता येत नाही, अशी त्यांची रीत. म्हादू पारूला घेऊन माझ्याकडे आला, सोजराबाई येणार हे ठाऊक असल्यामुळेच.

"वकीलीणबाई, नव्या कायद्यात काय हाय ह्याला?" त्यानं विचारलं.

"कायद्यात सुपारीला काही अर्थ नाही, म्हादू. मुलगी मोकळीच आहे."

"कायदा ऱ्हातुया पुन्यात," सोजराबाई म्हणाली. "तुजी मेंढी हरवली हुती तवा किती हुडकलीस रं? गुंजवणीच्या काठानं बोंबलत फिरत हुतास. आन माज्या पोराला पावसाळ्याच्या आत सोडतुयास व्हय?"

"मेंढी हरवली हुती, सोजराबाई. पोरगा गेलाय."

"कान दाव."

म्हादू जरा चिडून म्हणाला, "माज्या पोरीनं काय तुज्या दारात म्हातारं व्हायाचं?"

पारू खांबाशी उभी होती. गोल तोंडाची, थोराड हातांची पोर. सोजराबाईनं तिच्याकडे पाहिलं. "तू सांग गं. तुला जायाचं का सारोळ्याला?"

पारूनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तुमी म्हनशीला तसं, आत्याबाई." आणि रडायला लागली. कुणासाठी ते मला कळलं नाही. सगळ्यांसाठीच असेल.

त्या दिवशी मी आनंदरावांना लिहिलं. मार्गशीर्षानंतर ग्रंथालयात दुसरेच कुणी काम पाहत होते आणि माझ्या आधीच्या पत्रांना उत्तर आलं नव्हतं. या वेळी घरचा पत्ता मिळवून लिहिलं. सगळं लिहिलं, कानाचंसुद्धा.

एकोणीस जूनला, पुन्हा बाजारच्या दिवशी, आनंदराव सकाळच्या एस. टी.नं आले. मी त्यांना ओळखलंच नाही. कोट खुंटीला अडकवल्यासारखा अंगावर लोंबत होता. बिरूच्या मागोमाग त्यांनाही तोच ताप आला होता. मग कित्येक महिने ते सांगलीला बहिणीकडे होते. ते आठच दिवसांपूर्वी परतले होते.

सोजराबाई दुपारी आली. काखेत नवी कोरी घोंगडी होती, सनगराकडून आत्ताच आणलेली. चिंचोक्याच्या खळीनं अजून ताठ. नवा माणूस बघून ती ओटीच्या कडेलाच बसली.

"हे आनंदराव," मी सांगितलं. "बिरूचे साहेब."

"तुमी व्हय ते, पानं बगनारे?"

आनंदरावांनी मान हलवली. खिशातून रुमाल काढून उलगडला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. "हे पोस्टानं पाठवायचं नव्हतं, आई. तुमच्याच हातात द्यायचं होतं. माझ्या कपाटात होतं, आणि मी असा पडून."

बाळी होती ती. एका जागी कापलेली, टोकं थोडी फाकलेली.

तिनं ती घेतली, उजेडाकडे केली. सोनारानं दिलेल्या डागाचा लहानसा उंचवटा अंगठ्यानं चाचपला. पुन्हा चाचपला. माझ्या ओटीवर पहिल्यांदाच ती इतक्या हळू बोलली.

"कुनी कापली?"

"दवाखान्यातल्या माणसानं. निघत नव्हती."

"जित्तेपनी?"

"नाही, नाही. नंतर. मी तिथंच उभा होतो."

"मंग दुखलं नसंल."

आनंदरावांनी तोंड फिरवलं. बाजाराचा आवाज येत होता, कुणीतरी शेळीचा भाव करत होतं. बऱ्याच वेळानं तिनं बाळी पदराच्या टोकाला बांधली, गाठ दातानं आवळली.

"सायेब, नाव काढा आता त्येचं," ती म्हणाली.

"वेष्टनं मी बाद केली, आई. आल्या आल्या."

"बरं केलंसा." मग माझ्याकडे वळून, "वकीलीणबाई, ह्यास्नी काय तरी खायाला द्या. लई वाळल्यात."

ती उठली. घोंगडी उलगडून तिनं ओटीवर अंथरली, काठ नीट आहेत का ते चारी बाजूंनी पाहिलं, एका जागी निसटलेला धागा आत ओढून घेतला. काळीभोर घोंगडी. तिच्यावर ती बसली नाही. पुन्हा घडी घातली.

"म्हादू बाजारात शेळ्यांच्या बाजूला असंल. जाते. चार मानसांत सांगते, पोरगी मोकळी म्हनून. ही तिला देते. तिच्या लग्नात बसू दे हिच्यावर."

"सोजराबाई, राहू दे गं आज. उद्या जा."

"उंद्या म्हादू भोरात न्हाई. आन उंद्या माज्यानं व्हईल का, काय ठावं."

ती पायऱ्या उतरून गेली. माझ्या खिडकीतून शेळ्यांचा बाजार दिसत नाही, पण थोड्या वेळानं तिचा आवाज ऐकू आला, टेकाडावरून टेकाडावर जाणारा तो मोठा आवाज. शब्द कळले नाहीत. मग तो एकदम तुटला, आणि बायकांचा गलका झाला.

पारूचं लग्न ज्येष्ठ संपायच्या आत झालं. सोजराबाई लग्नाला उभी होती असं मागाहून कळलं. ती अजून मेंढरं राखते, दिवाळीनंतर घाट उतरते. बाजाराला येते तेव्हा माझ्याकडे पाणी पिऊन जाते, तब्येत विचारते. पत्रक वाचा असं त्यानंतर तिनं कधी म्हटलं नाही. पुढच्या महिन्याचं नव्या वेष्टनाचं पत्रक आलं ते तसंच मेजावर राहिलं.

एकोणीस जूनच्या पानावर मी आनंदरावांचं येणं लिहिलं, बाळीचं लिहिलं. त्याखाली संध्याकाळी लिहिलेली ओळ आहे: ओटी झाडली, घोंगडीची लोकर बरीच निघाली. रात्रीला पिठलं आणि भात.