मार्ला ट्रेंथमच्या टेबलावरची शाळा

मार्ला ट्रेंथमची शाळा भरायची स्वयंपाकघरातल्या लांब टेबलावर, आणि त्या टेबलाची कीर्ती अमेरिकेच्या दक्षिण मिझुरीतल्या निदान तीन-चार चर्च-मंडळ्यांपर्यंत पोचली होती. पाच मुलं, एक टेबल, एक आई. मुलांना सरकारी शाळेत घालणं म्हणजे कोकरं लांडग्याकडे राखायला देणं, असं मार्लाचं ठाम मत होतं आणि ते ती न मागताही देत असे. दुकानातल्या रांगेत कुणी सहज विचारलं, "आज पोरांना सुट्टी वाटतं?" की मार्ला आपली ढकलगाडी बाजूला घ्यायची आणि विचारणारीच्या टोपलीतलं आइस्क्रीम वितळेपर्यंत तिला सोडायची नाही.

नवरा लायल घरोघरी हीटर आणि एसी बसवत फिरायचा. सकाळी निघायचा तो जेवायलाच घरी उगवायचा. स्वभावाने गरीब. बायको एवढं बोलते म्हणजे त्यातलं बरंचसं खरं असणार, असा त्याचा साधा हिशोब होता.

मार्लाची पद्धत अशी, की सगळ्यांनी सगळं एकत्र शिकायचं. मोठा एझ्रा अकरा वर्षांचा, त्याने मोठ्याने धडा वाचायचा. खालच्यांनी त्याच्यामागून म्हणायचं. त्याच्या पाठची केझाया नऊ वर्षांची. मग टायटस, त्याला प्रत्येक वाक्याला "का?" विचारायची खोड. मग सेला, जिला कपडे अंगावर ठेवणं मान्य नव्हतं. आणि टेबलाखाली बोअझ, जो मेणाचे खडू चावून खात असे, त्यातही लाल आधी. या सगळ्यात मार्ला एका हाताने पावाचं पीठ मळत, मान वाकडी करून फोन खांद्यात धरत, दुसऱ्या गावच्या एखाद्या गांजलेल्या आईला सांगत असायची, "हे बघ, घरात शांती हवी असेल तर आधी आवाज खाली आणायचा. टायटस, कुत्र्याला खाली ठेव. आवाज खाली, समजलं ना? कुत्रा खाली ठेव म्हटलं मी."

या शाळेचं रत्न म्हणजे केझाया. ती वाचायला लागली की ऐकत राहावं. अडखळणं नाही, चाचपडणं नाही. जिथे आवाज चढवायचा तिथे चढवणार, जिथे डोळे मिटायचे तिथे मिटणार, आणि पान संपलं की अलगद उलटणार. घरी पाहुणे आले की मार्ला कॉफीच्या आधी केझायाला उभी करायची. पाहुण्या बायका माना हलवायच्या आणि आपापल्या पोरांकडे जरा नापसंतीने बघायच्या. मार्लाला ते बघणं कॉफीपेक्षा गोड लागायचं.

या सगळ्याला नाक मुरडणारं माणूस एकच, तिची सासू. ऑपल ट्रेंथमने गावातल्या सरकारी शाळेत पहिलीच्या वर्गावर आयुष्य काढलं होतं. लग्नाला बारा वर्षं होऊनही मार्लाच्या तोंडून 'आई' निघालं नव्हतं. ती सासूला गावाच्या रीतीने 'मिस ऑपल' म्हणायची. ऑपल दर रविवारी उपासनेनंतर जेवायला यायची, नातवंडांना मांडीवर घ्यायची आणि साखरेत घोळून काहीतरी बोलायची.

"केझाया छान म्हणते हं," एकदा ती म्हणाली.

"वाचते," मार्ला म्हणाली.

"हो का? बरं."

त्या 'बरं'वर मार्ला आठवडाभर धुमसत होती. चर्चच्या भगिनीमंडळाच्या पुढच्याच बैठकीत तिने भाषणात घातलं, की सरकारी शाळेत मुलं घंटा वाजली की खातात आणि घंटा वाजली की झोपतात, कोंबड्या बऱ्या. ऑपल दुसऱ्या रांगेत बसली होती. तिने मन लावून टाळ्या वाजवल्या.

वसंतात मंडळीच्या सभागृहात घरी शिकवणाऱ्या कुटुंबांचा मेळावा ठरला. मुख्य भाषण मार्लाचं, आणि भाषणाआधी ट्रेंथम मुलांचं प्रात्यक्षिक. मार्लाने पाचही जणांना एकाच कापडाचे कपडे शिवले. दुरून एखादा सोफा चालत आल्यासारखा वाटत होता. एझ्राने राज्यांच्या राजधान्या सांगितल्या. टायटसने एक गाणं म्हटलं आणि ते का संपलं ते विचारलं. मग केझाया व्यासपीठावर गेली. तिने बायबलमधलं मेंढपाळाचं स्तोत्र वाचायचं ठरलं होतं.

पण तिच्या आधीच दुसऱ्या घरच्या एका मुलाने तेच स्तोत्र म्हणून टाकलं होतं. पाळक ब्रदर हार्लन मायाळू माणूस. त्यांना वाटलं, एवढी हुशार पोर, तिला कुणाचं उष्टं कशाला द्यायचं. त्यांनी व्यासपीठावरचं मोठं पुस्तक चाळून दुसरं पान काढलं आणि म्हणाले, "बाळ, आज आपण हे वाचू या. सगळ्यांनी आपापलं पान काढा."

सगळ्यांनी पानं काढली. केझायाने पुस्तकाकडे बघितलं, श्वास घेतला आणि मेंढपाळाचं स्तोत्र सुरू केलं. सुरेख सुरू केलं. योग्य जागी आवाज चढवला, योग्य जागी डोळे मिटले.

सभागृहात कागद सळसळले. कुणाला वाटलं आपलंच पान चुकलं. ब्रदर हार्लनना वाटलं, पोरगी गोंधळली. त्यांनी हळूच ओळीवर बोट ठेवलं. "इथून, बाळ. हे इथून."

केझायाने त्या बोटाकडे नीट बघितलं. मग ध्वनिक्षेपकातून, स्वच्छ आवाजात ती म्हणाली, "हे एझ्राने मला सांगितलेलं नाहीये."

कुणी हसलं नाही, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं. मार्ला तरातरा वर गेली, लेकीच्या खांद्यावर हात ठेवला आणि तोंडभर हसून म्हणाली, "गर्दी बघून बुजली." मग तिने 'शिस्त आणि आनंद' या विषयावर पूर्ण भाषण केलं. टाळ्या पडल्या, पण त्या पाऊस थांबल्यावर पागोळ्या गळाव्यात तशा.

घरी जाताना पंधरा माणसं मावतील अशा त्यांच्या व्हॅनमध्ये टायटससुद्धा गप्प होता. शेवटी मार्ला म्हणाली, "एझ्रा, काय भानगड आहे ही?"

एझ्राने खरं सांगून टाकलं. धडा आदल्या दिवशी तो केझायाला दोनदा वाचून दाखवायचा. बदल्यात त्याच्या सशांचे पिंजरे ती साफ करायची. तिला दोनदा ऐकलं की पाठ व्हायचं. पान कुठे उलटायचं तेही तो सांगायचा.

"कधीपासून?"

"सेला झाली तेव्हापासून," केझाया म्हणाली. "तेव्हा तू आजारी होतीस ना."

सेला आता चार वर्षांची होती. मार्लाने नवऱ्याकडे बघितलं. लायलने रस्त्यावरची नजर न काढता म्हटलं, "मला वाटलं तुला माहीत आहे. त्या दिवशी पेट्रोलपंपावर ती पुरुषांच्या संडासात शिरली. मी म्हटलं, असेल घाई."

मार्लाला रडू यायला हवं होतं, पण आधी आला तो राग, आणि तो सगळ्यांवर समान वाटून उरला. एझ्रावर, कारण त्याने लपवलं. ब्रदर हार्लनवर, कारण त्यांना दुसरं पान काढायचं काय नडलं होतं. लायलच्या पेट्रोलपंपावर. आपल्यावर मात्र तिने हात राखून ठेवला. स्वतःवर रागावायचं ते काम नंतर कपडे धुण्याच्या खोलीत, यंत्र फिरत असताना, दार लावून झालं.

पुढच्या रविवारी ऑपल पीचचा केक घेऊन आली. तिने 'मी म्हटलं नव्हतं का' असं काही म्हटलं नाही. नुसतं केक कापता कापता म्हणाली, "माझ्याकडे धाड सकाळी. वाचायला लावते पोरीला. सोपं आहे ते."

मार्लाने काटा खाली ठेवला. "मीच शिकवीन तिला, मिस ऑपल. तुम्ही बाकीच्या चौघांना बघा तेवढा वेळ."

"चौघं?" ऑपल हसली. "अगं, पंचवीस असायची माझ्यापुढे."

दुसऱ्या दिवशी ती इस्त्रीचा ब्लाउज घालून, पितळी घंटा घेऊन हजर झाली. मार्ला केझायाला घेऊन अंगणातल्या व्हॅनमध्ये गेली. दोघींना निवांत बसता येईल आणि आतून कडी लागेल अशी त्या घरी तेवढीच जागा होती.

गाडीतला पहिला तास भयंकर गेला. पोरीला अर्धी अक्षरं येत होती आणि उरलेली ती चेहऱ्यावरून ओळखायची, मार्लाच्या चेहऱ्यावरून. आईची भुवई जरा हलली की केझाया उत्तर बदलायची. बी आणि डी तिच्या लेखी एकच प्राणी होता, कधी इकडे तोंड केलेला, कधी तिकडे. मार्लाने पुस्तक दिलं तर पोरीला ते निम्मं पाठ. दुसरं दिलं, तेही पाठ.

"हे तरी खरं वाचतेस का?"

"थोडं."

"थोडं म्हणजे?"

"चित्र वाचते."

मार्ला ओरडली. चांगली ओरडली, दारं-खिडक्या बंद होत्या म्हणून निभावलं. शांत घराविषयी फोनवर सांगणाऱ्या बाईचा आवाज अंगणातल्या कोंबड्यांनी ऐकला.  मग केझाया म्हणाली, "तू अशी माझ्या एकटीकडे कधी बघत नाहीस, ममा. म्हणून सोपं होतं."

 दोघींच्या श्वासाने काचेवर वाफ धरली होती. मार्लाने त्या वाफेवर बोटाने लिहिलं, कुठल्याही पुस्तकात नसलेलं, एझ्राने कधीच न सांगितलेलं वाक्य: बोअझने खडू खाल्ला. केझाया एकेक अक्षर धरत, ओठ हलवत, घाम पुसत गेली. खडूपाशी पोचली तेव्हा खुदकन हसली.

"पुढचं लिही," ती म्हणाली.

तिकडे स्वयंपाकघरात ऑपलने घंटा वाजवली होती. पहिल्यांदा वाजली तेव्हा मुलं थक्क झाली. दुसऱ्यांदा वाजली तेव्हा टायटसने ती का वाजते ते विचारलं आणि आतला लोलक काढून बघितला. तिसऱ्यांदा वाजण्यासारखं तिच्यात काही उरलं नाही. सेला उघडीनागडी परसात धावली. तिच्यामागे ऑपल धावली, तोवर बोअझने लोलक संडासात टाकून पाणी सोडलं. एझ्रा तेवढा जागेवर बसून होता, आणि सरकारी शाळेत शिकवणं हे पाप आहे की नुसती चूक आहे, हे आजीला नम्रपणे विचारत होता.

मार्ला परतली तेव्हा ऑपल सोफ्यावर आडवी होती. बूट काढलेले, ब्लाउजवर सॉसचा हात उमटलेला.

"पंचवीस असायची ना तुमच्यापुढे?" मार्लाने विचारलं. आवाजात तिने पुरेपूर लोणी घातलं होतं.

ऑपलने डोळे न उघडता सांगितलं, "ती तीन वाजता घरी जायची, मार्ला."

मार्ला हसू दाबायला गेली, पण ते सुटलं. मग ऑपलही हसली, कण्हत कण्हत. बारा वर्षांत त्या दोघी एकाच गोष्टीवर हसल्याचं लायलला आठवत नव्हतं, म्हणून त्या रात्री ते ऐकूनही त्याचा विश्वास बसला नाही.

उन्हाळाभर हेच चाललं. ऑपल यायची, जुने कपडे घालून. बी आणि डीचं काय करायचं हे मार्लाने एकदा, जणू दुसऱ्याच कुणासाठी, सासूला विचारलं. ऑपलने मुठी मिटून अंगठे वर करायची एक युक्ती दाखवली. मार्ला म्हणाली, "मीही असंच काहीसं करणार होते." ऑपल म्हणाली, "बरं." पण युक्ती लागू पडली. पानगळीच्या सुमारास केझाया कसंबसं, चुकत, पण खरोखरचं वाचायला लागली. ऐकायला आता मुळीच सुरेख वाटत नव्हतं. पाहुण्यांपुढे उभी करण्यासारखं तर नाहीच.

मार्लाला मात्र गप्प बसवणं प्रभूच्याही मनात नसावं. पुढच्या वर्षी राज्यभरच्या मोठ्या मेळाव्यात ती पुन्हा व्यासपीठावर होती; विषय, 'गाडीतली शाळा: एका वेळी एक मूल'. तिने चूक कबूल केली, पण अशा झोकात, की ऐकणाऱ्या बायकांना आपल्या हातून अशी चूक कशी घडली नाही याचं वाईट वाटावं. वाफ धरलेल्या काचेची गोष्ट आली तेव्हा अर्धं सभागृह रडलं. सासूचं नाव त्या भाषणात कुठेही आलं नाही.

भाषणानंतर कडेवर एक आणि स्कर्टला तीन लोंबकळणारी एक तरुण आई उभी राहिली. "हे सगळं पटलं मला. पण तुम्ही एकीला घेऊन गाडीत बसता, तेव्हा बाकीची चार कुठे असतात?"

 मार्ला मधाळ हसून म्हणाली, "प्रभू सोय करतो."

मागच्या रांगेतून, बोअझला मांडीवर दाबून धरलेल्या ऑपलचा पहिलीच्या वर्गावर कमावलेला आवाज आला, "सोयीचं नाव ऑपल आहे."

सभागृह हसून हसून लोळलं. मार्लाचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. तिने पाण्याचा घोट घेतला, कागद खाली ठेवले आणि म्हणाली, "माझ्या सासूबाई. पहिलीच्या शिक्षिका होत्या." मग दात उपटल्यासारखं तोंड करून तिने जोडलं, "सरकारी शाळेत." लोकांनी ऑपलला उभं राहायला लावलं. ती उभी राहिली आणि बसायला विसरली.

परतताना केझायाने खिडकीजवळची जागा पकडली आणि रस्त्याकडेची प्रत्येक पाटी मोठ्याने वाचायला घेतली. फटाक्यांची दुकानं. जमिनीखालच्या गुहा, आत थंडगार. पाठदुखी, मानदुखी. ताजी अंडी. नरक खरा आहे. पुढच्या वळणावर डोनट. टायटसने कानात बोटं घातली. एझ्रा म्हणाला, आता पुरे कर, हवे तर माझे ससे तुला देतो. ती थांबेना.

"घट... घटस्फोट... हवाय? आजच... फोन करा," केझायाने वाचलं.

"तसलं वाचू नकोस," मार्ला म्हणाली.

"मग मला कळणार कसं, की ते तसलं आहे?"

मार्लाने उत्तरासाठी मागे सासूकडे बघितलं. ऑपल खिडकीबाहेर बघत होती. लायलने रेडिओ मोठा केला.