मालक उभे राहायचे ती जागा

तो पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत भरला तो त्याच्या उभं राहण्यामुळे. वडिलांचा डबा घेऊन ती त्यांच्या इस्त्रीच्या दुकानात गेली, तर टेबलापाशी वडिलांच्या जागी एक ताडमाड पोरगा उभा. दोन्ही पायांवर सारखा भार, पाठ ताठ, जणू आत्ता कुणी त्याचा फोटो काढणार आहे. वडील बाजूला भिंतीचा आधार घेऊन, डावा पाय उचलून बगळ्यासारखे उभे होते.

"हा लांब्या," वडील म्हणाले. "आजपासून कामाला. बोलत नाही, पण कॉलर झकास करतो."

यावर लांब्या खरोखरच काही बोलला नाही. तिने घरी जाऊन आईला सांगितलं, "बाबांनी दुकानात खांब आणून ठेवलाय."

पुढे त्या खांबाशीच तिचं लग्न झालं. जावई झाला तरी तो सासऱ्यांना 'मालक'च म्हणायचा. "अहो, आता तरी बाबा म्हणा," असं तिने कितीदा सांगितलं. तो मान डोलवायचा आणि लगेच विचारायचा, "मालक, चहा?"

माणूस नाकासमोर चालणारा. शर्टाच्या खिशात कुणाची विसरलेली चिठ्ठी सापडली, तर न वाचता पिनेने घडीवर लावून द्यायचा. गिऱ्हाईक तणतणत आलं, की इस्त्री बाजूला ठेवून त्याचं सगळं ऐकून घ्यायचा. शेजारचे घड्याळजी म्हणायचे, "याला राग येतो, पण पुढच्या आठवड्यात."

मालकांच्या टाचेचं दुखणं जुनं होतं. लेप झाले, गोळ्या झाल्या, कारण कुणालाच सापडलं नाही. बसून इस्त्री करणं त्यांना पटत नसे. शेवटी एके दुपारी ते टेबलापाशीच भिंतीला टेकून खाली बसले आणि म्हणाले, "आता उठवत नाही रे." त्यानंतर ते स्वतःच्या पायांनी दुकानात आले नाहीत. अंथरूण धरलं आणि वर्षाच्या आत गेले. टेबल लांब्याकडे आलं.

मधे बरीच वर्षं गेली. मुलगी मोठी होऊन नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली. घरात दोघंच उरली.

एका संध्याकाळी ती ओट्यापाशी कांदा चिरत होती. जिन्यावर पावलं वाजली. एक पाऊल दणकट, दुसरं जपून टाकलेलं, मग कठड्यावरून हात घासत वर येण्याचा आवाज. तिने सुरी खाली ठेवली, कपात चहा ओतला आणि साखरेच्या डब्याला हातही लावला नाही. बाबांना साखर चालत नसे.

दार उघडलं. आत नवरा आला.

तो खुर्चीत बसला, समोरचा चहा घोटाघोटाने संपवला. तिला भान आलं तेव्हा कप रिकामा झाला होता.

"अहो, बिनसाखरेचा होता तो."

"हो का?" तो म्हणाला. "मला काही कळलं नाही." आणि वाकून डावी टाच चोळू लागला.

कप उचलताना तिची नजर त्या टाचेवरच राहिली.

मग सकाळी पलंगावरून उतरताना पहिलं पाऊल टाकलं, की तो दात आवळू लागला. काचेवर पाय पडल्यासारखं वाटतं, म्हणाला. चार पावलं चाललं की बरं वाटे, दुपारनंतर पुन्हा तेच. घड्याळजींनी सल्ला दिला, "लांब्या, टाचेला तेल सोड. माझी सगळी घड्याळं तेलावरच चालतात." तो हसला. पण खुर्चीतून उठताना हल्ली त्याच्या तोंडून "हं, चला" निघायचं. हे बाबांचं होतं. शब्द तेच, मधला दमही तोच.

ती त्याला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी अंगठ्याने टाच दाबून पाहिली.

"घरात आणखी कुणाला होतं का हे?"

"माझ्या वडिलांना," ती म्हणाली.

"तुमच्या? मग व्हायला हवं तुम्हाला. यांना कसं?"

तिघंही हसली. तिचं हसू सगळ्यांत आधी थांबलं. तिने विचारलं, "बाबांना शेवटी उभं राहवेना. यांना पुढे राहता येईल ना?"

"त्यांना तेव्हा काय झालं होतं ते मी कसं सांगू?" बाई म्हणाल्या. "यांच्या टाचेचा फोटो तरी काढू."

फोटोत हाड किंचित वाढलेलं दिसलं. पण इतकं वाढलेलं हाड घेऊन कित्येक माणसं धावत असतात, असंही बाईंनी सांगितलं. मऊ तळाच्या चपला, टॉवेलने पाऊल ओढायचा व्यायाम, बर्फाची बाटली. "पाहू या," त्या म्हणाल्या.

नवरा फोटो काढायला गेला त्या दिवशी दवाखान्याचे पांढरे डगले इस्त्री करून द्यायचे राहिले होते. ती दुकानात गेली आणि टेबलापाशी उभी राहिली. चपला काढल्या तर पायाखालची दगडी फरशी सपाट लागेना. उजव्या पायाखाली उथळ झीज होती. डाव्या टाचेखाली बशीएवढा खळगा होता, गुळगुळीत, कडा नसलेला. जन्मापासून ती या दुकानात येत होती. तो खळगा तिने कधी पाहिला नव्हता, कारण त्यावर नेहमी कुणीतरी उभं असायचं.

ती अर्धं पाऊल बाजूला सरकून कामाला लागली. दोन डगले झाले. तिसऱ्याची बाही उलटताना तिने खाली पाहिलं. टाच खळग्यात होती. ती पुन्हा सरकली. वरून लोंबणारी इस्त्रीची वायर तिथवर पुरत नव्हती, उजेड पाठीवर येत होता. तिने मनाशी म्हटलं, म्हणूनच होतंय हे. जरा वेळाने पाहिलं, तर टाच परत खळग्यात, आणि आपल्या बिछान्यात शिरावं तशी आरामात. डगले तसेच टाकून ती बाहेर पायरीवर जाऊन बसली.

तो आल्यावर ती म्हणाली, "टेबल हलवायचं. आजच्या आज."

"मालकांची जागा आहे ती."

"म्हणूनच."

त्याने इस्त्रीचं बटण बंद केलं आणि म्हणाला, "पहिल्या दिवशी त्यांनी मला तिथंच उभं केलं. म्हणाले, पाय आपोआप बसतील. बसले गं. तेव्हाच बसले. माझं पाऊल त्यांच्यापेक्षा केवढं मोठं, तरी बसले."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, त्यालाच काम शिकणं म्हणतात."

"अहो, ते याच भिंतीला टेकून खाली बसले होते," ती म्हणाली. "मला तुम्हाला असं बसलेलं बघायचं नाही. एवढंच."

तो टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि त्याने दोन्ही हातांनी कड धरली.

घड्याळजींना हाक मारली. तिघांनी मिळून टेबल समोरच्या भिंतीकडे नेलं. वायरमन बोलावून वायर वाढवून घेतली. लांब्या आठवडाभर नव्या जागी पाहुण्यासारखा वावरला, शर्ट उचलायला म्हणून वळायचा आणि जुन्या भिंतीकडे दोन पावलं जायचा. ती रोज दुपारी दुकानात जाऊन बसू लागली. तो तिकडे निघाला, की नुसती खाकरायची.

दुखणं हळूहळू उतरलं, पण पुरतं गेलं नाही. डॉक्टरीणबाई व्यायामाला श्रेय देतात. घड्याळजी स्वतःला देतात, कारण टेबलाचं जड टोक त्यांच्या वाट्याला आलं होतं. तिला कुणी विचारत नाही, आणि ती सांगतही नाही.

मोकळ्या झालेल्या जागेत गिऱ्हाइकं उभी राहू लागली. एकदा एक धडधाकट बाई साड्यांसाठी तिथं थांबली. बोलता बोलता तिने चपलेतून पाय काढला, टाच खाली टेकवली आणि भार डाव्या अंगावर घेतला. साड्या घेऊन निघाली, तेव्हा पायरी उतरताना तिने दाराची चौकट धरली. एक पाऊल दणकट, दुसरं जपून. लांब्याने पाहिलं, बायकोनेही पाहिलं. त्याच संध्याकाळी दोघांनी कपड्यांचं लोखंडी कपाट ढकलत नेऊन त्या फरशीवर ठेवलं. ते नीट बसतं का, हे वाकून पाहायला दोघांपैकी कुणीच पुढे झालं नाही.

हल्ली तो दुपारी दुकान बंद करून तासभर आडवा पडतो आणि मग संध्याकाळपर्यंत नव्या जागी उभ्याने इस्त्री करतो.